खिशातलं झाकण

वेंडल क्विस्टचा राग गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. हयातभर त्यानं काउंटीच्या रस्त्यांवर बर्फ काढायचं यंत्र चालवलं. वाटेत कोणी गाडी आडवी लावून ठेवली तर यंत्राच्या काचा बंद असतानाही त्याचे शब्द बाहेर ऐकू येत. आणि हाच माणूस मोठ्या गोष्टींवर कधी रागावला नाही. गारपिटीनं भावाचा गहू झोपवला, स्वतःचा गुडघा कायमचा गेला, ते सगळं त्यानं निमूट सोसलं. त्याला संताप यायचा तो ढिलाईचा. अर्धाच पिळलेला स्क्रू, उघडं राहिलेलं कुंपणाचं फाटक, आणि ‘चालतंय’ हा शब्द.

“चालतंय म्हणजे काय?” तो विचारायचा. “चालतंय म्हणजे अजून पडलं नाही, एवढंच.”

त्याच्या गॅरेजमध्ये भिंतीलगत एक लांब टेबल होतं. गावातलं बोलिंग खेळायचं सभागृह बंद पडलं तेव्हा तिथली मेपल लाकडाची फळी त्यानं उचलून आणली होती. चेंडू सोडायच्या जागेचे बाण तेलाच्या डागांखाली अजून दिसत. त्यावर त्याच्या वडिलांचं, नेल्सचं, काडतुसं भरायचं ओतीव लोखंडी दाबयंत्र घट्ट बसवलेलं होतं. त्याच्या दांड्याची मूठ तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली. क्विस्टांच्या घरात काडतुसं विकत आणायची पद्धत नव्हती. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गवतातून वेचून आणायच्या, घासून पुसून पुन्हा मापात आणायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, तोलून दारू भरायची आणि वर गोळी दाबायची. ज्याची त्यानं भरलेली काडतुसं ओळखू यावीत म्हणून बुडाला रंग लावायचा. वेंडलचा काळा, त्याच्या मुलाचा, कर्टचा लाल. आणि कर्टची मुलगी ब्रिटा शिकायला लागली तेव्हा तिनं हिरवा मागून घेतला.

दुधाच्या क्रेटवर उभं राहून कर्ट जिथे शिकला, त्याच क्रेटवर ब्रिटा शिकली. या वर्षी तिला क्रेट लागला नाही. या वर्षी तिला बारा वर्षं पूर्ण झाली होती. हरणांचा मोसम उघडेल तेव्हा तिच्या खांद्याला पहिल्यांदा तिची स्वतःची रायफल असणार होती, आणि रायफलीत तिनं स्वतः भरलेली हिरवी काडतुसं.

या टेबलाचा कायदा नेल्सचा होता. दारूचे डबे कपाटात राहतील. टेबलावर एका वेळी एकच येईल. डबा उघडला की त्याचं झाकण सदऱ्याच्या खिशात जाईल. काम संपलं, दारू मोजून सोडणाऱ्या मापकात उरलेली दारू परत डब्यात गेली, की खिशातलं झाकण डब्यावर बसेल आणि डबा कपाटात जाईल. खिसा रिकामा झाल्याशिवाय दुसऱ्या डब्याला हात लागणार नाही. दोन जातींच्या दारू एकमेकींत मिसळल्या तर स्फोटाच्या जोराला काही हिशोब राहत नाही. रायफल गालाशी असते तेव्हाच तो हिशोब चुकतो, आणि रायफल हातातच फुटते.

“बाबा, हल्लीच्या कपड्यांना खिसे कुठे असतात छातीवर?” कर्ट हसून म्हणायचा.

“मग सदरा घाल. लग्नात घातला होतास ना?”

मोसमाच्या आधीच्या रविवारी वेंडल चर्चचं छप्पर दुरुस्त करायला गेला होता. त्या दुपारी कर्ट आणि ब्रिटा दोघंच गॅरेजमध्ये बसले. सोमवारी वेंडलनं रायफलीच्या दारूचा डबा उघडला, थोडी पांढऱ्या बशीत ओतली आणि तसाच थांबला. पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तशी ती दारू असायला हवी होती. त्या तुकड्यांच्या मधून मोहरीसारखे गोल काळे दाणे चमकत होते. ती पिस्तुलाची, फार झटकन पेटणारी दारू होती, दुसऱ्या डब्यातली.

संध्याकाळी त्यानं दोघांना बोलावून घेतलं. बायको, अर्डिस, आतून हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“हे कोणी केलं?” त्यानं बशी टेबलावर आदळली. दोन दाणे उडून खाली पडले.

कर्टनं बशीत पाहिलं. त्याच्या मानेवर लाली चढली.

“मी नाही केलं,” ब्रिटा म्हणाली. “माझं झाकण माझ्या खिशात होतं, आजोबा.”

“मग कोणी केलं? चर्चच्या पाद्रीनं येऊन केलं?”

ब्रिटानं बापाकडे पाहिलं. बाप फोनकडे पाहत होता. पोरीनं ओठ मिटले, ते मिटलेच.

वेंडलला तेवढं पुरलं. त्याच्या लेखी गप्प बसणं म्हणजे कबुली. त्याचा आवाज छपराच्या पत्र्याला जाऊन लागला. एकेकाची बोटं गेलेली त्यानं पाहिली आहेत, हे खेळणं नव्हे, डोकं जागेवर नसेल त्यानं इथे पाय ठेवू नये. त्यानं हिरव्या काडतुसांची पेटी ओढली. काडतूस अडकवून ठोकायचा पोकळ हातोडा घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक काडतूस लाकडी ओंडक्यावर ठोकायला लागला. प्रत्येक ठोक्याला गोळी निसटून दारूसकट हातोड्याच्या पोटात पडे. दारू शुद्ध होती. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. उरलेली दारू ओततानाच गोंधळ केला असणार, त्याच्या मनात आलं, आणि तो ठोकत राहिला. ब्रिटानं उन्हाळाभर भरलेली पेटी संपेपर्यंत.

“या टेबलापाशी आता यायचं नाही,” तो म्हणाला.

ब्रिटा रडली नाही. तिनं जाकीट घेतलं आणि बाहेर पिकअपमध्ये जाऊन बसली. कर्ट तिच्या मागोमाग गेला, जरा जास्तच घाईनं.

अर्डिस अजून दारातच होती.

“पोरीनं सांगितलं ना एकदा, की तिनं नाही केलं म्हणून.”

“मग गप्प का बसली?”

“तू ओरडत असताना बोलायला जागा कुठे उरते, वेंडल? पंचेचाळीस वर्षं शोधतेय मी.”

तो आठवडाभर धुमसत राहिला. जेवताना काटा आपटायचा, कुत्र्याला उगाच हाकलायचा. सगळ्यात जास्त राग याचा, की पोर त्याची सगळ्यात चांगली चेली होती. कर्टचा हात हलका होता, पण लक्ष कायम दुसरीकडे. हिचं तसं नव्हतं. दारू भरून झाल्यावर टॉर्च घेऊन ती पुंगळ्यांच्या रांगेत एकेकीत वाकून पाहायची, तेव्हा तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. अशा मुलीनं हे करावं!

शनिवारी मोसम उघडला. उजाडायच्या आधी कर्टचा पिकअप अंगणात आला. थंडीनं गवत कडक झालं होतं. पायांखाली ते काचेसारखं मोडत होतं. वेंडल रायफल मागे ठेवून पुढे बसला. मधली जागा रिकामी होती.

“ती नाही आली?”

“नको म्हणाली.” कर्टनं गिअर टाकला. “सोडा ना. पुढच्या वर्षी येईल.”

थर्मासची कॉफी ओतायला वेंडलनं आतला दिवा लावला. समोर काचेखाली हातमोजे पडले होते, आणि हातमोज्यांखाली एक पेटी. नवी कोरी, दुकानातली. झाकणावर सोनेरी हरणाचं चित्र.

त्यानं कॉफी खाली ठेवली.

“हे काय आहे?”

“काडतुसं.”

“ती मला दिसतायत. क्विस्टच्या गाडीत दुकानाची काडतुसं काय करतायत?”

“म्हटलं, या वेळी जरा...”

“तुझी लाल पेटी भरलेली आहे. रविवारीच भरलीस.” वेंडलचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला, आणि तो खाली गेल्यावर कर्टनं आपोआप अंगणाच्या तोंडाशीच गाडी थांबवली. “स्वतःचा माल टाकून माणूस दुकानात कधी जातो, कर्ट?”

इंजिन चालू होतं. पुढच्या दिव्यांच्या उजेडात बर्फाचे तुरळक कण उतरत होते.

“फोन आला होता,” शेवटी कर्ट म्हणाला. “ब्रिटाचं झालं होतं. तिनं डबा आवरून ठेवला होता. मग मी दोन्ही डबे काढले. रायफलीची भरायची होती, पिस्तुलाचीही. फोनवर बोलत होतो. मापकातली उरलेली कशात ओतली... आणि आधी कुठल्या डब्यातून भरली, तेही आठवेना. लाल काडतुसांत काय आहे ते माझं मलाच माहीत नाही, बाबा.”

“हे तुला सोमवारी माहीत होतं.”

“हो.”

“मी पोरीची पेटी ठोकत होतो तेव्हाही.”

“हो.”

वेंडलनं सोनेरी हरणाची पेटी उचलली आणि खिडकी खाली करून अंगणात भिरकावली. पेटी फुटली. काडतुसं गोठलेल्या गवतावर खणखणत गेली. मग तो ओरडला. उभ्या आयुष्यात ओरडला नसेल तसा. दारू मिसळली याबद्दल एक शब्द नाही. बारा वर्षांच्या पोरीच्या आड लपलास, एवढंच, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शब्दांत. अर्डिसनं स्वयंपाकघराचा पडदा सरकवून पाहिलं आणि पुन्हा सोडून दिला.

“बेचाळीस वर्षांचा आहेस तू!”

“तुमच्यासमोर नसतो,” कर्ट म्हणाला. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला.

“गाडी घराकडे वळव,” वेंडल म्हणाला. “तुझ्या घराकडे.”

ब्रिटा स्वयंपाकघरात ओट्स खात होती. दोघांना दारात पाहून तिनं चमचा खाली ठेवला नाही.

“सांग तिला,” वेंडल म्हणाला.

कर्टनं सांगितलं. अडखळत, पण सगळं.

“मला माहितीये,” ब्रिटा म्हणाली. “मी तिथेच होते. बाबा, दोन्ही डबे उघडे आहेत, असं मी म्हटलंसुद्धा होतं. तू बोटानं थांब म्हणालास.”

“मग मला का नाही सांगितलंस?” वेंडलनं विचारलं. विचारताना आवाज पुन्हा चढला. त्यालाही तो ऐकू आला.

“मला वाटलं बाबा सांगेल.” आता तिचा आवाज कापायला लागला. रागानं, रडण्यानं नव्हे. “आणि तुम्ही, आजोबा! मी झाकणाचं सांगितलं. तुमचाच कायदा तो. तुम्ही माझा खिसा पाहिलासुद्धा नाहीत. सोमवारीही माझ्या अंगात तोच सदरा होता, खिशाला झाकणाचा गोल डाग पडलेला. मला नाही यायचं शिकारीला. तुमच्याबरोबर नाही, त्याच्याबरोबरही नाही.”

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर वेंडलला बरं वाटलं असतं.

त्या शनिवारी क्विस्टांपैकी कोणी रानात गेलं नाही. दुपारभर दोघं बापलेक टेबलापाशी उभे राहून लाल काडतुसं ठोकत होते. हातोडा कर्टच्या हातात. वेंडल गोळ्या वेगळ्या करत होता, दारू बादलीत जमा करत होता. काही पुंगळ्यांतून पेन्सिलीचे तुकडे पडले, काहींतून मोहरी. मोहरीची पुंगळी पहिल्यांदा उघडली तेव्हा कर्टनं हातोडा ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. वेंडल त्याला बोलवायला गेला नाही. बादली आणि बिघडलेला डबा त्यानं अर्डिसच्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात पातळ पसरून रिकामे केले. वाफ्याला ते खत म्हणून चालतं.

पुढच्या रविवारी चर्चनंतर ब्रिटा आली. कोणी बोलावलं नव्हतं. अर्डिसनं तिच्यापुढे ॲपल पायचा तुकडा ठेवला. तिनं तो उभ्यानंच खाल्ला आणि सरळ गॅरेजमध्ये गेली. वेंडल आणि कर्ट तिथे होते. कर्टच्या अंगात वेंडलचा जुना चौकड्यांचा सदरा होता, कोपरांवर ठिगळं लावलेला. अर्डिसनं कपाटातून काढून दिला होता.

ब्रिटानं स्वतःच्या रिकाम्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीनं उभ्या केल्या.

“मोसम अजून महिनाभर आहे,” ती म्हणाली. कोणाकडेही न पाहता.

“आहे,” वेंडल म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं. आठवडाभर तो रस्त्यांवरून चालताना ते जुळवत होता. पण तिच्या चेहऱ्यावर त्याचाच राग बसला होता. तोच आठ्यांचा मोड, तोच आवळलेला जबडा. त्या रागापुढे कोणाचं काही चालत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

त्यानं कपाटातून नवा डबा काढला, टेबलावर ठेवला, झाकण फिरवून उघडलं.

“थांबा,” ब्रिटा म्हणाली. “खिसा दाखवा.”

या टेबलापाशी वेंडलला असं कोणी कधी बोललं नव्हतं.

वेंडलनं झाकण सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग खिसा दोन बोटांनी ताणून तिच्यासमोर धरला. तिनं टॉर्च लावून आत पाहिलं, पुंगळीत पाहावं तसं, नीट, वेळ घेऊन.

“आता तू,” ती बापाकडे वळून म्हणाली. “तुझा रिकामा हवा.”