जुन्या चालीतली नवी गाणी

दीक्षा घेतली तेव्हा आमच्या वस्तीनं देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. बानंही सोडले. मिरजेहून आणलेली वीणा मात्र छातीशी धरून बसला. "ह्यो देव न्हाई, भोपळा हाय," म्हणाला.

शिराळ्याकडच्या गावांत आमचा बा नावाजलेला भजनी. जुनी भजनं बंद झाली तशी त्यानं बुद्धाची गाणी रचली. चाली मात्र त्याच. नव्या कुठून आणणार? गळ्याला वळणच तसलं.

दीक्षेला पाचसहा वर्षं होऊन गेली होती. बुद्धजयंतीला बा गायला उभा राहिला. गाणं रंगलं, टाळ चढत गेले, आणि शेवटाला मागच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी सवयीनं हात वर करून गजर केला, "इठ्ठल, इठ्ठल!" सगळ्यात मोठा आवाज बाचाच. मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे माझाच चुलतभाऊ, लालबुंद झाला.

"काका, फुडल्या जयंतीला परत आसं झालं, तर वीणा कायमची खुंटीला."

बानं धास्तीच घेतली. उठता-बसता गाण्याच्या शेवटाला ओठ गच्च आवळायचा सराव चालायचा. आई म्हणायची, "आवं, भाकरी तरी तोंड उघडून खावा!" मी हसायची, पण आतून भ्यायची. गाणं सुटलं तर हा माणूस करणार काय? नुसत्या विचारानं मला रडू यायचं.

पुढली जयंती आली. बा काय गायला म्हणता! पण टाळ चढले, म्हाताऱ्यांचे हात वर निघाले, बानं डोळे मिटून तोंड उघडलं. मेले, म्हटलं मी. तेवढ्यात बायकांतून आई ताडकन उठली आणि खच्चून ओरडली, "जयभीम!"

"जयभीम!" सगळी वस्ती उठली. सेक्रेटरी तर टाळ्या वाजवायला सगळ्यांच्या पुढं.

घरी येताना बा फुरंगटून पुढंपुढं चालला होता. शेवटी न राहवून थांबला. "आगं, आजून एक कडवं ऱ्हायलं हुतं की! तेच म्हणाया तोंड उघडलं हुतं. लय झ्याक कडवं!"

"आसूं द्या," आई म्हणाली. "कडवं गेलं, पर गाणारा ऱ्हायला न्हवं?"