पगडीला जागा

गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटच्या मागे लोखंडी कमान बसवतात, तिला रोल बार म्हणतात. माझी जुनी स्पोर्ट्स कार रोज रस्त्यावर आणि कधीमधी ट्रॅकवरही पळते, म्हणून तो निवडायला मी पडाव भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. वजन कमी करायला शेजारची सीटही काढायला सांगितली होती. तिच्यावर बसणारं कोणी नव्हतंच.

तिथे पन्नाशीचे एक गृहस्थ त्यांच्या गाडीत बार लावून बघत होते. हेल्मेट घालून सीटवर बसले, मान मागे टाकली, समाधान झालं. मग डब्यातून शिंदेशाही पगडी काढून अलगद डोक्यावर ठेवली आणि पुन्हा मान मागे टाकली. पगडी बारला घासली.

"थोडा और मागे घ्या," ते मिस्त्रीला म्हणाले. मग मला म्हणाले, "ट्रॅकला हेल्मेट, वरातीला पगडी. दोन्हीला जागा पाहिजे ना."

"लग्न कोणाचं?"

"माझं."

"कधी?"

पगडी डब्यात ठेवता ठेवता ते लाजले. "तिला विचारायचं बाकी आहे अजून."

थोड्या वेळाने मिस्त्री पाना घेऊन माझ्या गाडीतली सीट काढायला आला. मी म्हटलं, "राहू द्या ती."