बाटल्याच्या पोटात काय आहे?

वहिनी गेल्याचा निरोप मला जळगावात एका ट्रक ड्रायव्हरने आणून दिला. माझ्या थोरल्या भावाचं, भाऊचं, धुळ्याला आग्रा रोडवर वेल्डिंगचं दुकान. त्यामुळे आमच्या घरच्या बातम्या तारेच्या आधी ट्रकने पोचतात. "ताई, कमलवहिनी गेल्या. भाऊंनी तुम्हाला लगेच बोलावलंय," एवढं बोलून तो दारात मान खाली घालून उभा राहिला. माझ्या जागी वहिनी असती तर तिने त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग प्रश्नांवर प्रश्न विचारले असते... केव्हा, कशाने, शेवटी कोण जवळ होतं, तू कुठून आलास, जेवलास का. मला त्यातला एकही सुचला नाही. महिना उलटून गेला, आता कुठे एकेक सुचतो आहे.

ती आमच्या घरी आली तीसुद्धा एका प्रश्नामुळेच. एकोणीसशे साठ-पासष्टचा सुमार असेल. भाऊने दुकान नवीनच टाकलं होतं. गॅसचे बाटले जळगावच्या एका शेठजींकडून यायचे, ऑक्सिजनचा एक आणि ॲसिटिलीनचा एक. दोन्ही गॅस रबरी नळ्यांतून टॉर्चमध्ये येतात, तिथे मिसळतात आणि जळतात, एवढं मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर भाऊलाही याहून फार जास्त ठाऊक नव्हतं. धुळ्याचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. भाऊ मुळातच मायाळू. तो ॲसिटिलीनचा बाटला लिंबाच्या सावलीत आडवा करायचा आणि वर ओलं पोतं पांघरायचा. "त्यालाही उकडतं गं," म्हणायचा. आई चिडवायची, "स्वतःच्या बापाला कधी असा निजवला नाहीस!"

त्याच सुमारास सोनगीरला कोणाच्या तरी लग्नाची भांडी आणायला गेला असताना भाऊने एका तांबटाची मुलगी भाता ओढताना पाहिली आणि घरी येऊन जाहीर केलं, की करीन तर हीच करीन. मध्यस्थ गेला, बोलणं झालं, आणि मुलीचे वडील, आबा, मुलाचं दुकान बघायला आले. तिथेच सगळं फिसकटलं. आपला रुबाब दाखवायला भाऊने टॉर्चला सगळ्यांत मोठं नोझल लावलं आणि ट्रकची वाकलेली चासी तापवायला घेतली. ज्योत आधी झोकात फुरफुरली, मग बारीक झाली, तडतडली आणि एकदम फाट्‌कन आवाज करून टॉर्चच्या आत विझली. कोणाला काही झालं नाही, पण आबांचा चहा त्यांच्या धोतरावर सांडला. ते ताडकन उठले. "मन्ही पोर आठे देऊ? हाई तं तोफखाना शे! बठ्ठं घर उडी जाई!" आणि ते तरातरा निघून गेले. घाईत टोपी खाटेवरच राहिली.

भाऊ दोन घास धड खाईना. शेवटी टोपी परत करायचं निमित्त काढून तो सोनगीरला गेला. आबा आतल्या खोलीतून बाहेरच येईनात. पाणी घेऊन मुलगी आली. बापाला खोदून खोदून विचारून तिने त्या आवाजाची सगळी हकिकत आधीच काढून घेतली होती. तिने विचारलं, "तो बाटला आडवा का ठेयेल व्हता?"

"ऊन लागतं त्याला," भाऊ म्हणाला.

"पन त्याना पोटमा काय शे?"

"गॅस."

"निस्ता गॅस?"

भाऊ तसाच उठला. तो घरी आलाच नाही, मिळेल त्या एस.टी.ने थेट जळगावला शेठजींच्या गोदामात जाऊन धडकला. शेठजी राजस्थानकडचे, गादीवर बसून हसत सुटले. "भाऊसाहेब, हा झोपायचा माल नाही, हा उभाच राहायला पाहिजे!" मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. ॲसिटिलीनचा बाटला पोकळ नसतो. आत भुसभुशीत दगडासारखं काही भरलेलं असतं, त्यात एक द्रव मुरवलेला असतो आणि त्या द्रवात गॅस विरघळलेला असतो. आडवा केला की गॅसबरोबर द्रवही बाहेर येतो. शिवाय गॅस त्यातून सुटतो तो आपल्या चालीनेच. मोठं नोझल लावून ओढाल तर तेवढा पुरवठा होत नाही, आणि गॅस कमी पडला की ज्योत मागे फिरते. मोठं काम असेल तर बाटले जोडून घ्या.

हे उत्तर घेऊन भाऊ उलटपावली सोनगीरला धावला. मुलीला सांगितलं तेव्हा आतून आबाही ऐकत होते. भात्याचा दम कमी पडला की आग कशी खोकते हे त्या तांबटाला कोणी शिकवायला नको होतं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा दुकानात आले, उभ्या जोडलेल्या बाटल्यांजवळ मुद्दाम पाट मांडून बसले, चासी लालभडक होऊन सरळ होईपर्यंत हलले नाहीत. मग चहा मागितला आणि म्हणाले, "मुहूर्त काढा."

लग्नानंतर वहिनी दुकानात यायची ती प्रश्न घेऊनच. बाटल्याला तळवा लावून, "अहो, हा गार का पडला?" नळी लांब केली की ज्योत का बदलते? भाऊ वैतागायचा, "बाई, मला काम करू दे!" आणि उत्तर शोधायला स्वतःच पळायचा. उत्तर सापडलं की हातातलं काम टाकून आधी तिला सांगायला स्वयंपाकघरात जायचा. मला तिचा हेवा वाटायचा. आमच्या पिढीतल्या किती बायकांच्या प्रश्नासाठी नवरा गाव पालथं घालायचा?

यंदा तिच्या छातीत पाणी झालं. धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी ऑक्सिजनचा बाटला लावला होता. भाऊ त्या बाटल्याजवळून हलला नाही. दाबाच्या काट्यावर नजर, नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघायची, आणि भरलेला दुसरा बाटला शेजारी तयार. नर्स म्हणाली, "अहो, आम्ही आहोत ना." तो म्हणाला, "असू द्या, हे माझं काम आहे."

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. भाऊ दुकानात एकटाच बसला होता. म्हणाला, "शालू, बाटला अर्ध्याहून जास्त भरलेला होता गं. दुसराही तयार होता. गळती नाही, काही नाही. पुरवठा कुठेच कमी पडला नाही... मग काय कमी पडलं?"

तेव्हापासून तो हेच विचारतो आहे. डॉक्टरांना, म्हाताऱ्या आबांना, मला. त्याला कोणाचंच उत्तर पटत नाही. मला भीती उत्तर न सापडण्याची वाटत नाही. एखाद्या दिवशी ते सापडेल, हातातलं काम टाकून तो उठेल आणि स्वयंपाकघराकडे धावेल, याची वाटते.