डाग काढलेलं आकाश

माझ्या नवऱ्याइतका हटवादी माणूस अख्ख्या वैशाली नगरात नव्हता, हे मी संसाराच्या एकविसाव्या वर्षी पूर्ण शुद्धीत ठरवलं. नाव उमाकांत. मूळचे कराडकडचे, जयपूरच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. फिल्मवर बोटाचा ठसा दिसला की हाताखालच्यांवर असे बरसायचे, की पेशंट न सांगता श्वास रोखून धरायचे.

घरी आकाशाचं वेड. दक्षिण ध्रुवाजवळचं आकाश जयपूरला कधी उगवतच नाही, याचाही राग, जणू मीच ते अडवून ठेवलंय. त्यातल्या त्यात नरतुरंग या तारकासमूहातला एक तारकागुच्छ मार्च-एप्रिलात क्षितिजावर पंधरा-सोळा अंश वर येतो. डोळ्यांना नुसता पुसट ठिपका. त्याचा फोटो यांना हवा होता. पुण्याच्या एका मंडळाचे चिटणीस आनंदराव यांनी कळवलं होतं, की राजस्थानच्या धुळीतून, घरी केलेल्या फळीवर ते होणे नाही. झालं, जेवणसुद्धा गोड लागेना. त्यात सत्त्याऐंशी साली आमच्या घराच्या दक्षिणेला, शेजारच्या प्लॉटवर दुमजली घराचे खांब उभे राहिले. एप्रिलात स्लॅब पडला की तेवढं आकाश कायमचं झाकलं जाणार. हातात एकच अमावास्या होती, पाडव्याच्या आदल्या रात्रीची.

फळी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या. बिजागरी ध्रुवताऱ्याकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा, खालून लांब स्क्रू. दर पंधरा सेकंदांनी स्क्रू पाव फेरा फिरवला की कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकतो. यांचा हात थरथरायचा, म्हणून स्क्रू माझ्याकडे. पुरणाची डाळ भिजत घालून मी गच्चीवर गेले. हे घड्याळ बघून "हं" म्हणायचे, मी फिरवायची. वीस मिनिटं, ऐंशी वेळा.

फिल्म यांनी इस्पितळाच्या डार्करूममध्ये धुतली. निगेटिव्हवर तारे काळे दिसतात. खिडकीशी धरली तर मोहरी सांडावी तसे ठिपके, मध्ये तो गोल गुच्छ, आणि एकही तारा ओढला गेलेला नाही.

"शकू, हात आहे की यंत्र?" हे म्हणाले. एकवीस वर्षांत ऐकलेलं हे पहिलं कौतुक, म्हणून तारखेसकट लक्षात आहे.

मोठा फोटो छापायला निगेटिव्ह राजा पार्क भागातल्या एका स्टुडिओत दिली. हे काय आहे ते सांगितलं नाही, त्या लोकांना काय कळणार म्हणून. लिफाफ्यावर मात्र हिंदीत ठणकावून लिहिलं: एक भी दाग न रहे.

त्या स्टुडिओत पंडितजी होते. घराणं बारीक चित्रं रंगवणाऱ्यांचं. नवऱ्यामुलींच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण ते निगेटिव्हवर भिंग धरून, सुरीच्या टोकाने काढायचे. त्या म्हाताऱ्याने तीन दिवस मान मोडून एकेक तारा डाग समजून खरवडून काढला; मधला गुच्छ तेवढा फोटोचा विषय समजून ठेवला. आम्ही गेलो तर फोटोत काळाकुट्ट कागद आणि मधोमध एक पांढरा गोळा.

"ये दाग नहीं थे, तारे थे," हे ओरडले. रस्त्यावरचे लोक थांबले.

पंडितजींनी चष्मा काढला. "बाबूजी, आपने ही लिखा था." त्यांनी लिफाफा पुढे केला. मग हळूच म्हणाले, "कहें तो ब्रश से वापस बिठा दूँ. सबकी जगह याद है."

"नहीं," हे म्हणाले.

माझं डोकं फिरलं ते यांच्यावर. एका वाक्याचं काम होतं: हे आकाश आहे. तेवढं बोलायला जीभ झिजली असती? हे मी दुकानाच्या पायरीवरच, भर बाजारात मराठीत विचारलं.

घरी आल्यावर म्हटलं, गुच्छ तर खरा आहे, तोच पाठवा.

"एक्स-रेवरचा रोग कुणी असा खरवडला, तर मी त्याला नोकरीवर ठेवीन का?" हे म्हणाले. तो फोटो यांनी फाडला.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांना लिहिलेलं कार्ड टाकायला माझ्या हातात दिलं. मी वाचलं. 'फोटो साधला नाही. स्क्रू फिरवताना हात हलला.'

"हे काय लिहिलंत?"

"त्या म्हाताऱ्याचा बोभाटा कशाला?"

"मग लिफाफ्याचं लिहा."

हे पेपर उघडून बसले. पंडितजींना वाचवलं, स्वतःलाही वाचवलं. खोटा फोटो चालत नाही म्हणणाऱ्या माणसाला खोटं कार्ड चाललं. मी पेन घेतलं, कार्डावर उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले: 'हात माझा होता. तो हलला नव्हता. शकुंतला.'