काचेच्या कपाटातल्या गौरी

तो फोन मला अजून ऐकू येतो. गौरी आवाहनाचा दिवस, सकाळची हजेरी नुकतीच झालेली, ठाण्यातली निम्मी माणसं गणपतीच्या बंदोबस्तात. शहरातल्या एका जुन्या संग्रहालयाचे अधिकारी सांगत होते, "गौरींच्या पितळी मुखवट्यांची जोडी नाहीशी झाली आहे. कपाटाचं कुलूप मात्र शाबूत आहे."

मी तेव्हा नवी कोरी फौजदार. मूर्ती चोरणारी मोठी टोळी माझ्याच हातून पकडली जाणार याबद्दल मला शंका नव्हती. वर्तमानपत्रात फोटो टोपीसह द्यायचा की टोपीशिवाय, एवढंच ठरायचं होतं.

संग्रहालयात खाली पेंढा भरलेले पशुपक्षी, मधल्या मजल्यावर चित्रं, वर जुन्या घरांतल्या वस्तू. जाता जाता मी गिधाडाकडेही संशयाने पाहिलं. पंचनाम्यात रिकाम्या फळीवर लालसर पांढरे कण आढळले. ते चिमट्याने उचलून पाकिटात घातले, लाखेचं सील केलं आणि रासायनिक तपासणीचं पत्र झोकात तयार केलं.

किल्ली दालनाच्या शिपायाकडे असे. निवृत्तीला आलेला माणूस. ठाण्यात आणून त्याला समोर उभं केलं.

"कुलूप मीच उघडलं, मॅडम. पुढचं विचारू नका."

"कुणाला विकलेत?"

"विकायला ते काय माझ्या घरचे आहेत? परवा परत येतील."

"चोर परत आणून देतात वाटतं?"

"नेणारं माणूस चोर असतं, तर मी दिलेच नसते."

नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, सगळं सांगून झालं. त्याने मान खाली घातली ती घातलीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही तर अटक, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे वयस्कर हवालदार मुद्देमालाच्या नोंदी करत होते. त्यांनी पंचनामा वाचला, पाकीट उजेडात धरलं.

"मॅडम, हे तांदूळ आहेत. कुंकू लावलेले. अक्षता."

"मग?"

"देव जागेवरून हलवायचा तर आधी अक्षता वाहतात. टोळीवाले वाहतात का? हात जोडून नेणारं माणूस शोधा."

माझी आई दरवर्षी माझ्यादेखत हेच करत आली होती. आणि मी अक्षता प्रयोगशाळेत पाठवायला निघाले होते!

संग्रहालयाच्या नोंदवहीत देणगीदाराचा पत्ता बिबवेवाडीचा होता. तिसऱ्या मजल्यावर एका आजींनी दार उघडलं.

"या. मला वाटलं, कालच याल."

आत दोन्ही गौरी जरीच्या साड्या नेसून उभ्या होत्या. समोर नैवेद्याची पानं.

"आजी, ही संग्रहालयाची मालमत्ता आहे."

"पाटीवर तसंच लिहिलंय. देणगीदार म्हणून लेकाचं नाव. घरात जागा नाही, करणार कोण, म्हणाला आणि देऊन आला. मला विचारलं कुणी? तो परगावी असतो. मी दर बुधवारी तिकीट काढून यांना भेटते. आपल्याच लेकींना काचेतून बघायचं." मग एका गौरीचा पदर सारखा करत म्हणाल्या, "न्यायच्या तर न्या. पण माहेरी आलेल्या लेकीला भरल्या पानावरून उठवू नका हो. उद्या मूळ नक्षत्र, उद्या पाठवणी. आणि त्या शिपायाला सोडा. माझं रडणं बघून त्याने कुलूप काढलं."

मी खालच्या दुकानातून संग्रहालयात फोन लावला. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या चालेल."

मुद्देमालाच्या संरक्षणासाठी मी तिथेच थांबले, असं डायरीत लिहिलं. म्हणजे काय, तर गणवेशात मांडी घालून पुरणपोळी खाल्ली. आधी प्रशिक्षण, मग सणात रजा बंद, त्यामुळे आईच्या घरच्या गौरी मला दिसून तीन वर्षं झाली होती. तिसरी पोळी वाढताना आजींनी विचारलं, "तुमच्या घरी वाट बघत असतील ना?" मी आणखी तूप मागितलं.

दुसऱ्या दिवशी मुखवटे जागेवर आले. शिपायाला ताकीद मिळाली आणि त्याची बदली खाली पक्ष्यांच्या दालनात झाली. गैरसमजातून दाखल गुन्हा म्हणून मी प्रकरण बंद केलं. मुखवटे घेऊन निघताना जिन्यात आजींनी माझा हात धरला होता. "पुढच्या वर्षी?"

"रीतसर अर्ज करू. मी स्वतः बोलते."

पुढच्या वर्षी बंदोबस्त होता आणि मी विसरले. आठवलं ते दिवाळीनंतर. तशीच आजींकडे गेले. दार त्यांच्या मुलाने उघडलं.

"आई गेली. गौरींच्या दिवशी सकाळपासून दार उघडं ठेवून बसली होती. म्हणत होती, पोलीसबाई घेऊन येणार आहेत."

आरोपी खोटं बोलतात, साक्षीदार फिरतात, हे नोकरीने शिकवलंच. पण खाकीतून सहज दिलेला शब्द लोक सरकारी हुकमासारखा जपून ठेवतात, हे या प्रकरणाने शिकवलं. त्या शब्दाचा तपास कुणी करत नाही.

आता मी निवृत्त आहे, माझी लेक परदेशात. यंदा गौरींच्या आधी मी संग्रहालयात गेले आणि तो राहिलेला अर्ज दिला: मुखवटे एका दिवसापुरते घरी नेण्याबाबत. अर्जदार म्हणून त्या आजींचं नाव लिहिलं. खिडकीतल्या मुलीने कागद वाचला.

"आजी, अर्जदाराला स्वतः यावं लागेल. कुठे आहेत त्या?"

"दार उघडं ठेवून बसल्या आहेत," मी म्हणाले.