विहिणीच्या घशातला काटा

विहीणबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला आणि डोळे माझ्यावर रोखले. तोंड उघडं, पण आवाज नाही. समोरच्या ताटात मासा, भाकरी आणि लाल रस्सा कालवून केलेला गोळा होता. मला आधी वाटलं, तिखट लागलं. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांनी मान हलवली आणि बोटानं घसा दाखवला. काटा अडकला होता.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार त्यांचा आला नाही, माझ्या लेकीचा आला. लेक त्यांच्या घरी दिलेली. घर माळकरी. त्या घराचा उंबरा अंड्यानं कधी ओलांडला नाही. लेकीला अंडी फार आवडतात, म्हणून माहेरी आली की पहिल्या दिवशी अंडी उकडून खाते आणि जाताना तोंडात बडीशेप टाकून जाते. आता अशा घरची सासू येलदरीच्या धरणावर मासा खाऊन मेली, आणि तीही सुनेच्या आईच्या शेजारी बसून, असं झालं असतं तर माझ्या लेकीला त्या घरात पुढे कोण नांदू देणार होतं? नवऱ्यापासून चुलत सासऱ्यापर्यंत प्रत्येकानं तिला मरेपर्यंत ऐकवलं असतं.

"इहीनबाई, मरू नका," मी म्हणाले. "इथं तर मुळीच मरू नका."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बोलता येत असतं तर शिवीच दिली असती.

हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड आणि बाहेर चूल. धरणात मासे धरणाऱ्या घरची बाई ते चालवत होती. ती झारा तसाच हातात घेऊन धावत आली. कोरड्या भाकरीचा मोठा तुकडा मोडून विहीणबाईंच्या तोंडात कोंबला. "आजी, चावू नका. तसाच गिळा." त्यांनी गिळला. भाकरी गेली, काटा राहिला. मग भाताचा गोळा झाला. तोही गेला, काटा राहिलाच. श्वास चालला होता, पण डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

बाईनं ताटाकडे पाहिलं. "ह्यांनी माशाचा काला केला व्हय?"

"हो," मी म्हणाले. "पहिल्यांदा खायलेत."

"माशाचा काला कुणी करतं का माय?" असं म्हणून ती आणखी भात आणायला गेली.

तो काला कसा झाला, ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

पंच्याहत्तरी झाली की एसटी फुकट. आम्ही दोघीही पंच्याहत्तरीच्या पुढे, दोघीही नवरे गेलेल्या. मी सेलू तालुक्यातल्या खेड्यात राहते, त्या जिंतूरला. लेकीच्या लग्नापासून आमचं बोलणं कामापुरतंच होतं, कारण मी आहेर केलेलं लुगडं त्यांना पातळ वाटलं होतं. ते लुगडं फाटून त्याची गोधडी झाली, ती गोधडीही फाटली, पण त्यावरून टोमणे काही संपले नाहीत.

एकदा देवगाव फाट्यावर दोघींच्याही गाड्या चुकल्या. टपरीवर मिरची भजी तळत होते आणि शेवटचा घाणा उरला होता. टपरीवाल्यानं तो एकाच कागदावर ओतून आमच्या दोघींच्या मधे ठेवला. आम्ही आधी एकमेकींकडे न बघता खाल्ली.

मग त्या म्हणाल्या, "तुमची लेक भज्यात ओवा लय टाकते."

"तुमच्या लेकाचं पोट धड नसतं, म्हणून टाकते."

त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. पुढची गाडी आली तशी आम्ही तीही सोडली आणि दुसऱ्या टपरीवर भजी कशी आहेत ते बघायला गेलो.

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. त्या घरी सांगत, भंडाऱ्याला जाते. मी सांगे, डोळे दाखवायला जाते. आपल्या जिल्ह्यात भंडारे इतके होतात की कुठला ते कुणी विचारत नाही. आणि म्हातारीच्या डोळ्यांचंही कुणी विचारत नाही.

परभणीच्या उरुसात आम्ही हलवा-पराठा खाल्ला. पराठा सुपाएवढा असतो, तोडून वजनावर देतात. विहीणबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या उभ्या खात होत्या आणि विकणाऱ्याला विचारत होत्या, तूप साजूक आहे का. तो म्हणाला, "अम्मा, पैले खाव, फिर पूछो." त्यांनी खाल्लं आणि पुन्हा काही विचारलं नाही. अजून थोडा तोडून घेतला.

राणीसावरगावला एवढ्या लांब गेलो ते एका बाईच्या धपाट्यांची तारीफ ऐकून. ती बाई नेमकी त्या दिवशी माहेरी गेली होती. आम्ही स्टँडवर बिस्किटं खाऊन परत आलो. येताना गाडीत विहीणबाई त्या बाईच्या माहेराला नावं ठेवत होत्या.

सगळ्यांत मजा आली ती परभणीत बचत गटांच्या बायांनी भरवलेल्या खाद्य महोत्सवात. मांडवात ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलामागे एकसारख्या साड्या नेसलेल्या बाया. विहीणबाईंनी पहिल्याच टेबलावर येसराच्या आमटीचा चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चव बरी हाय. पण आमच्या इहीनबाईच्या लुगड्यासारखी हाय. पातळ."

टेबलामागची बाई घाबरली. "आजी, तुमी परीक्षक हाव का?"

"मग?" विहीणबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे उभी होते. चष्मा पुसला आणि मीही परीक्षक झाले. मग आम्हाला वाट्या भरभरून मिळाल्या. शेंगोळे, धिरडी, मुरमुऱ्यांचा सुशीला, पुरणाचे कडबू. एका बाईनं तर पाया पडून घेतलं. विहीणबाई प्रत्येकीला काही ना काही खोड सांगत होत्या, आणि बाया मान डोलावत होत्या. तेवढ्यात छातीला बिल्ले लावलेले खरे परीक्षक मांडवात शिरले. आम्ही मागच्या कनातीतून बाहेर पडलो. विहीणबाईंच्या पदराखाली धपाट्यांचा द्रोण होता. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "हे तपासायचे राह्यले होते."

त्या दिवशी परतीच्या गाडीत धपाटं खाता खाता त्यांनी मला विचारलं, "मासा कसा लागतो वो?"

मी म्हणाले, "माशासारखा."

"तसं न्हाई. सांगा नीट."

मला सांगता येईना. चव सांगायची म्हणजे कशाची तरी उपमा द्यावी लागते, आणि त्यांनी त्या जातीचं काही खाल्लेलंच नव्हतं. मी म्हणाले, "तुमच्या गळ्यात माळ हाय. तुमाला काय करायचं?"

"माळ माझी न्हाई, सासऱ्याची हाय. लगीन होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी घातली. मला कुणी इचारलं न्हाई."

"मग काढून टाकायची म्हणता?"

"काढून कामून टाकू? इतकी वर्षं गळ्यात हाय. घटकाभर बाजूला ठेवायची. चष्म्याच्या डबीत."

मी पुष्कळ दिवस टाळलं. उपास सांगितला, पाय दुखतात म्हणाले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमी आल्या न्हाई तर मी एकली जाईन, आन् काही झालं तर तुमचंच नाव सांगीन." त्यापेक्षा बरोबर गेलेलं बरं, असा मी विचार केला.

जिंतूरच्या स्टँडवर भेटलो. या खेपेला त्यांनी घरी माझंही नाव सांगितलं होतं, दोघी भंडाऱ्याला चाललो म्हणून. येलदरीची गाडी गावाबाहेर पडल्यावर त्यांनी माळ काढून डबीत ठेवली, डबी बटव्यात ठेवली आणि बटवा माझ्या मांडीवर टाकला. "तुमच्यापाशी असू द्या. माझ्याजवळ असली तर तिला वास यील."

धरणाशी उतरलो, त्या पत्र्याच्या हॉटेलात बसलो. ताटं आली. आता मराठवाड्यातलं माणूस जेवायला बसलं की काय करतं? भाकरी चुरतं, वरून पातळ काही ओततं आणि पाचही बोटांनी कालवतं. विहीणबाईंनी आयुष्यभर वरण, आमटी, ताक, दूध याच पद्धतीनं खाल्लं. त्यांनी भाकरी चुरली, रस्सा ओतला, माशाचे तुकडे त्यात टाकले आणि सगळं एकजीव होईपर्यंत कुस्करलं. रोहूत काटे केसांसारखे असतात. मी माशाचं मुंडकं फोडायच्या नादात होते. मान वर केली तेव्हा पहिला घास त्यांच्या तोंडात गेलेला होता, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

भाताचे तीन गोळे झाले. हॉटेलवाली म्हणाली, "दवाखान्यात न्यावं लागंल." विहीणबाईंनी जोरजोरात मान हलवली. मलाही ते नको होतं. दवाखान्यात नाव विचारतात, मग घरचा नंबर विचारतात, आणि मग काय खाल्लं तेही विचारतात.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेकीचा. मला कमी ऐकू येतं म्हणून नातवानं माझा फोन कायमचा मोठ्या आवाजावर करून ठेवला आहे. मी उचलला आणि तिचं बोलणं शेडभर ऐकू आलं. सासूला ती आत्याबाई म्हणते.

"माय, पोचलाव का भंडाऱ्याला? आत्याबाईला दे. त्यांची बीपीची गोळी इथंच राह्यली."

विहीणबाई गळा धरून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "त्यांना बोलता येत न्हाई."

"कामून? काय झालं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मौन धरलंय."

लेक म्हणाली, "कोणी? आत्याबाईनं?"

"हो. तिथल्या महाराजांनी सांगितलं. सांजंपर्यंत बोलायचं न्हाई."

"आन् त्या ऐकायल्यात?"

"शब्द न्हाई तोंडात."

मग ती हळूच म्हणाली, पण माझ्या फोनला हळू कळत नाही, "माय, त्या महाराजांना म्हणावं, आमच्याकडं पंधरा दिवस मुक्कामाला या. काय लागंल ते करून घालीन."

हॉटेलवालीनं झारा तोंडावर धरला. विहीणबाईंचं तोंड आधी लाल झालं, मग जांभळं. त्यांना राग आला होता की हसू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पोटातून एक आवाज आला, थंडीत सुरू न होणाऱ्या ट्रॅक्टरसारखा. त्या पुढे वाकल्या, खोकल्या, पुन्हा खोकल्या, आणि ताटाच्या कडेवर बारीक पांढरा काटा येऊन पडला.

त्यांनी श्वास घेतला आणि पहिला शब्द काढला. "भवाने."

"माय," फोनमधून लेक म्हणाली, "आत्ता कोण बोललं?"

"मौन सुटलं," मी म्हणाले.

विहीणबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. आवाज घोगरा झाला होता. "गोळी राहू दे. घरी आल्यावर बगते तुला." आणि फोन माझ्या पदरात टाकला.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी तो झटकला. पाणी प्यायल्या, तोंड पुसलं, ताटातल्या काल्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हॉटेलवालीला म्हणाल्या, "हे घेऊन जा. दुसरं ताट आण."

"इहीनबाई," मी म्हणाले, "बास झालं आता."

"एवढं झालं आन् चव कळाली न्हाई. कामून बास? तुमी काटे काढून द्या."

मी पंचवीस वर्षं त्यांचे टोमणे खाल्ले आणि त्या दिवशी पोराला भरवावं तसे त्यांच्यासाठी माशाचे काटे काढले. त्या एकेक तुकडा उजेडात धरून तपासत, मग खात. पूर्ण ताट संपवलं. मी विचारलं, "कसा लागला?"

त्यांनी बराच विचार केला. "चांगला हाय. पण लय ध्यान ठेवून खावं लागतं. जेवताना बोलता येत न्हाई. असलं अन्न काय कामाचं?"

जिंतूर यायच्या आधी त्यांनी माळ मागून घेतली, गाडीतच बाटलीतल्या पाण्यानं धुतली आणि गळ्यात घातली. घरी गेल्यावर त्या सुनेला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सुनेनं विचारलं असतं, भंडारा कुठं होता आणि महाराज कोण. सुनेनंही विचारलं नाही. तिला आपल्याच बोलण्याची भीती होती. दोघी आठवडाभर एकमेकींशी इतक्या गोड वागल्या की जावई घाबरला आणि त्यानं मला फोन करून विचारलं, घरात काही झालंय का.

पुढे लेकीला अशक्तपणा आला. डॉक्टरनं रोज एक अंडं खायला सांगितलं. मी तिला बघायला गेले होते, तेव्हा घरात तोच विषय चालू होता. जावई म्हणत होता, आपल्या घरात ते कसं चालेल, आईला चालणार नाही. विहीणबाई पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या पडवीत उकडू दे. अंड्याला काटा नसतो."

जावयाला काही कळलं नाही. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसायला लागले.

आता पडवीत वेगळी शेगडी आहे, वेगळं पातेलं आहे. विहीणबाई स्वतः खात नाहीत. पण अंडं जास्त उकडलं की आतून ओरडून सांगतात. माळ गळ्यातच आहे. पुढच्या महिन्यात मानवतला एकीच्या शेतावर हुरडा चांगला मिळतो म्हणतात, तिकडे जायचं त्यांनी ठरवलं आहे. मी डोळे दाखवायला जाणार आहे.

येलदरीला त्या दिवशी आम्ही दोघी गेलो होतो. दोघीही जिवंत आहोत.