मोहोरावर दिलेली बाग
मोहोराचा वास आला की मला आमच्या घरातली ती सकाळ आठवते. आंब्याची कलमं मोहोरली होती आणि व्यापारी मोहोरावरच बाग मागायला येऊन पडवीत बसला होता: पैसे आज रोख, पुढे फळ लागो न लागो, ते त्याचं. थांबलो असतो तर दुप्पट मिळाले असते, किंवा तुडतुडे आणि अवकाळी पाऊस सगळंच घेऊन गेले असते. लेकीच्या पुण्याच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती; नवरा बोटीवर, फोन लागत नव्हता. लेक संख्याशास्त्र शिकत होती. माझ्या घरखर्चाच्या, फवारणीच्या याद्या घेऊन तिने लॅपटॉपवर सगळं गणित मांडलं, हवामानाच्या शक्यतांसकट. एकच जागा रिकामी राहिली. "आई, नुकसानाची तुला किती भीती वाटते? एक ते दहा, आकडा सांग." बाहेरून व्यापारी म्हणाला, "वहिनी, चहा संपला, आता बोला." सासूबाई पुटपुटल्या, "आंब्याच्या सौद्याला असे आकडे कोण विचारतं गो?" मला दहा म्हणायचं होतं, पण ती भीती तिच्या फीची आहे हे तिला कळलं असतं. मी म्हटलं, "तीन." लॅपटॉपवर उत्तर आलं, थांबा. ती खुशीत हसली. मी तशीच उठून पडवीत गेले आणि व्यापाऱ्याला बाग देऊन टाकली. आत लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. त्या वर्षी फळ असं आलं की फांद्यांना टेकू लावावे लागले. व्यापाऱ्याने एक पेटी घरी पाठवली. लेकीने पहिला आंबा कापून माझ्या पुढ्यात ठेवला. आज कोणी विचारलं तर मी पुन्हा बाग देईन, आणि तो आंबा मला पुन्हा गोड लागणार नाही.